वाकड्या चोचीचा बदाम

गावामागच्या डोंगरावर एक गोड रानबदाम आहे, असं नाजबानू चाळीस वर्षं सांगत होती आणि चाळीस वर्षं गाव हसत होतं. गोड बदाम मिळायचे ते काझेरून शहराच्या बाजारात. डोंगरावरचा कडूच, बायकांनी नऊ दिवस राखेच्या पाण्यात भिजवावा तेव्हा कुठे खाण्याजोगा होतो. पण लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याने, जानमुरादने स्वतः मूठभर गर तिच्या ओंजळीत टाकले होते. ती चव ती विसरेल थोडीच? झाड मात्र त्याने कधी दाखवलं नाही. विचारलं की हसायचा. हिवाळ्यात तो गेला, आणि आता कुणीही उठून म्हणावं, जानमुराद थापाड्या होता! नाजबानूच्या अंगाची नुसती आग व्हायची.

खूण होती तिच्याजवळ. गरांबरोबर त्याने एक न फोडलेला बदामही दिला होता, टोक पोपटाच्या चोचीसारखं वाकडं. "हा फोडायचा नाही, आठवण म्हणून ठेव," म्हणाला होता. तो ओढणीच्या गाठीत बांधून, धाकट्या नणंदेला, शहरबानूला घेऊन ती डोंगर चढली.

रानबदामाची दोन झाडं सारखी निघतील तर शपथ! एकाला काटेच काटे, दुसऱ्याची पानं चंदेरी, एकाचा बदाम चपटा, एकाचा गोल न् लवदार. शहरबानू प्रत्येकाचा कण जिभेला लावून थुंकत होती.

"वहिनी, तोंड कडूजहर झालं माझं. दादाने चांगलंच बनवलंय तुला!"

"तुमचे दादा खोटं बोलायचे नाहीत, वन्सं. चला गुपचूप."

ऊन कलताना ओढ्याकाठी ते झाड सापडलं. चोच तंतोतंत तीच. नाजबानूने घाईघाईने झाडाचा एक बदाम तोडला आणि फोडून दाताखाली धरला.

कडू. सगळ्यांत कडू.

ती मटकन खाली बसली. "थाप मारली हो मला." तिचे डोळे भरून आले.

शहरबानू ओढ्याकडे बघत होती. एकदम तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! तुमचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात दादाने आईचं मोठं मडकं पळवून इथेच आणलं होतं. चुलीतली राख न्यायचा, दिवसातून तीनदा पाणी बदलायला यायचा. खेचराचं औषध म्हणे! मडक्यापायी मार मी खाल्ला, वहिनी!"

"जानमुराद? पाण्याचा पेला कधी हाताने घेतला नाही त्या माणसाने!"

"तुझ्यासाठी घेतला ना मेल्याने. नऊ दिवस!"

नाजबानू रडता रडता हसायला लागली, ती थांबेचना. मग उठून तिने ओढणी पसरली आणि त्याच झाडाचे बदाम भराभर तोडले.

खाली पाणवठ्यावर बायका टपूनच होत्या. "काय गं, सापडलं का गोड झाड?"

"सापडलं की!" नाजबानू म्हणाली. "नऊ दिवसांनी या चाखायला."