आयुष्यातलं खरं वाक्य

गोदामातल्या काकांची कंबर खोकी उचलून उचलून कामातून गेली होती. सुपरवायझरची जागा रिकामी झाली, तेव्हा त्यांना त्या जागेची फक्त खुर्ची दिसली. अट एकच होती, कंपनीच्या इंग्रजी वर्गात पास व्हायचं.

वर्ग घेणाऱ्या बाई भल्या होत्या. भल्या माणसांकडून जेवढं नुकसान होतं, तेवढंच त्यांच्याकडून झालं. त्यांचा नियम असा, की वाक्य पुस्तकातलं नको, स्वतःच्या आयुष्यातलं हवं आणि खरं हवं.

परीक्षेच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर येऊन बसले. काकांच्या वाट्याला ‘टेक ऑफ’चे अर्थ आले.

"विमान उडतं," काका म्हणाले.

"बसलात कधी विमानात?"

"नाही बुवा."

"मग नको. आयुष्यातलं सांगा."

घरी आल्यावर मी बूट काढतो, असं काकांनी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान डोलावली. मग ते म्हणाले, "मी सोमवारी सुट्टी घेतली. मावशी गेली म्हणून."

"अरेरे!"

"खरं सांगायचं ना, बाई? मला मावशीच नाही."

वर्ग खदाखदा हसला. साहेबही हसले. काकांना चेव आला. शेजारी बसलेल्या पॅकिंगमधल्या ताईंनी त्यांचा शर्ट ओढून पाहिला, पण काका आता थांबतात कसले!

"अजून एक अर्थ आहे, नक्कल करणे. जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांची नक्कल करतो."

"वा! करून दाखवा की!" बाई म्हणाल्या.

"काका, कंबर धरलीय म्हणा आणि खाली बसा," ताई कुजबुजल्या.

काकांनी पोट पुढे काढलं, घसा खाकरला, "हे बघा, कंपनी म्हणजे आपलं कुटुंब," म्हणत मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. साहेब हुबेहूब उतरले होते. हसता हसता खुद्द साहेबांनी डोळे पुसले.

काका पहिले आले. जागा कशाबशा पास झालेल्या ताईंना मिळाली. त्यांना ऐन वेळी आयुष्यातलं एकही खरं वाक्य आठवलं नव्हतं.

काका केबिनमध्ये गेले. "साहेब, पहिला तर मी आलो."

"आलास ना! काय पोट काढलंस रे! पुढच्या आठवड्यात मोठे साहेब येताहेत, त्यांनाही दाखव."

"पण ती खुर्ची..."

"वेडा की काय? नक्कल कुणी बसून करतं का?"

मोठे साहेब आले, काकांनी नक्कल केली, हशा पिकला.

"आता वाकून नमस्कार कर," साहेब म्हणाले.

काका वाकले आणि तसेच राहिले. हेही नकलेतलंच आहे असं वाटून टाळ्या काही थांबेनात.