क्लिफचं एक वाक्य

टॅनर स्ट्रीटवर कॅमेरा आला की समजायचं, देशाचं काहीतरी बिघडलंय. बेरिल हार्डकॅसलनं हे आयुष्यभर पाहिलं होतं. साठच्या दशकात टीव्हीवाले इंग्लंडमधल्या या गिरणगावात, ओल्डहॅमला, आले ते भिंतींची ओल दाखवायला. मग बंद पडणाऱ्या कापडगिरण्या दाखवायला आले, मग बेकार पोरं. टीव्हीवरच्या नाटकांची मालिका तीच, दर आठवड्याला नवं नाटक आणि दर दशकाला नवं रडगाणं.

"बरे दिवस आले तेव्हा एकदाही फिरकले नाहीत मेले," ती म्हणायची.

"आले होते का गं बरे दिवस?" तिची लेक मँडी विचारायची.

आता त्याच मालिकेची जुनी नाटकं शोधून पुन्हा दाखवायचं खूळ निघालं होतं. लंडनहून पिपा नावाची मुलगी आली. गिरणीवरचं नाटक सापडलंय, रविवारी दुपारी कामगारांच्या क्लबात दाखवणार, म्हणाली. त्या काळी टेपा महाग, म्हणून जुनं नाटक पुसून त्याच टेपवर नवं भरत. हे एक कसंबसं वाचलं होतं.

"तुमचे मिस्टर होते ना त्यात?"

होते. गिरणीच्या फाटकाशी अख्खी गल्ली उभी केली होती. गर्दीतल्या लोकांनी तोंड उघडायचं नाही, असा दंडक. पण दिग्दर्शकाला क्लिफचा चेहरा आवडला आणि त्यानं त्याला एक वाक्य दिलं. एकच! तेवढ्यावर क्लिफ महिनाभर नटसम्राटासारखा हिंडला. काय बोललास म्हटलं की म्हणायचा, "टीव्हीवर बघ."

नाटक लागलं त्या संध्याकाळी कोळसा-खाणकामगारांच्या संपामुळे गल्लीतली वीज गेली. सगळी गल्ली काळ्या पडद्यासमोर मेणबत्त्या लावून बसली. क्लिफ स्वतः संपाच्या बाजूचा, त्यामुळे त्याला बोंबही मारता येईना. नाटक पुन्हा कधी लागलं नाही आणि पुढच्याच वर्षी तो गेला. मँडी तेव्हा जेमतेम चालायला लागली होती.

बेरिलला जायचं नव्हतं. गुडघे दुखत होते, आणि खरं सांगायचं तर ती दमली होती. आपलं आयुष्य इतिहास म्हणून बघायला येणाऱ्यांना चहा करून करून दमली होती. पण मँडी हटून बसली.

"मी बाबांचा आवाज ऐकलेला नाही गं आई. एकदाही नाही."

ऐकला होता, पण तिच्या लक्षात नव्हता. बेरिल कोट घालून निघाली.

क्लबात बिअरचा वास तोच होता, माणसं मात्र पांगली होती. पडद्यावर गिरणी दिसली. बेरिलही तिथंच मागावर कामाला होती, मँडी होईपर्यंत. मग फाटक, गर्दी आणि गर्दीतून पुढे आलेला क्लिफ. टोपी मागे सरकवलेली, अंगानं किती लुकडा! आजच्या मँडीपेक्षा कितीतरी लहान.

त्यानं तोंड उघडलं. भारदस्त, घोटीव आवाज आला, "या देशात आता आपल्यासाठी काही उरलं नाही."

मँडीनं तोंडावर हात धरला. ती हमसून रडायला लागली. "किती छान आवाज होता गं बाबांचा!"

तो आवाज क्लिफचा नव्हता. क्लिफचा आवाज बारीक, किंचित चिरका, आणि प्रत्येक शब्दात ओल्डहॅम. लंडनच्या कुठल्यातरी नटाकडून हे वाक्य मागाहून भरून घेतलेलं होतं. बेरिलला संताप आला. चेहरा आमचा हवा आणि तोंड तुमचं होय रे?

आणि पोरीला काय सांगायचं? हो म्हणावं, की तोच तो. इतकी वर्षं थांबली बिचारी, राहू दे तिला तेवढं. बेरिलच्या ओठांवर 'हो' आलंसुद्धा होतं. पण काहीतरी डोळ्याला खटकलं होतं.

"पिपा, तेवढं परत लाव, पोरी. आवाज बंद करून."

मागांच्या खडखडाटात कानाचा काही उपयोग नसे. गिरणीतल्या बाया-बाप्ये ओठांवरूनच एकमेकांचं बोलणं वाचत. मँडी झाल्यापासून बेरिल गिरणीची पायरी चढली नव्हती, पण डोळे विसरले नव्हते.

क्लिफ पुढे आला. ओठ हलले. त्या नटाच्या वाक्याशी त्यांचा मेळच नव्हता. बेरिलनं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

"काय झालं आई?"

"तो आवाज तुझ्या बापाचा नाही," बेरिल म्हणाली. मँडीचा चेहरा पडला. "थांब, ऐक तरी. घाबरून वाक्य विसरलाय गाढव. कॅमेऱ्याच्या मागं मी तुझी बाबागाडी घेऊन उभी होते ना, तर माझ्याशीच बोलतोय."

"काय बोलतोय?"

बेरिलनं पडद्याकडे बघत, त्याच्या ओठांबरोबर आपले ओठ हलवत सांगितलं, "बेरिल, अगं वर बघ. टोपी घाल तिला. वारा सुटलाय."

मँडीनं आईचा हात धरला.

"तू रडत होतीस," बेरिल म्हणाली. "मी गाडीत वाकले होते. वर बघितलंच नाही गं मी."