कोबीचा दगड

यानशानच्या डोंगरात होउ युनतियनची खाण होती. तिथला दगड कापला की आत कोबीच्या गड्ड्यासारखी वलयं दिसत, म्हणून सगळे त्याला कोबीचा दगड म्हणत. त्याच्या लाद्या शहरातल्या हॉटेलांत जात.

एका वसंतात त्येनचिन शहराहून शांग मिन नावाची भूगर्भशास्त्राची बाई आली आणि महिनाभर होउच्याच घरी राहिली.

"काका, ही नुसती नक्षी नाही," खाणीच्या पश्चिमेच्या कड्यावर हात ठेवत ती एकदा म्हणाली. "दीड अब्ज वर्षांपूर्वी इथं समुद्र होता. तेव्हाच्या हवेत तुम्ही-मी जगलो नसतो, इतका प्राणवायू कमी. पाण्यातल्या बारीक जिवांची साय थरावर थर चढवत गेली आणि प्राणवायू सोडत गेली. आपण श्वास घेतो तो त्यांच्या उष्ट्यावर."

"आणि मी त्यांच्या फरश्या पाडतो," होउ हसला.

"बाकीच्या पाडा. एवढा कडा राखा. इतका सलग थर मला कुठं सापडला नाही. हवा कशी बदलली ते यात वाचता येईल. शरदात नमुने कापायला करवत घेऊन येते."

त्यानं शब्द दिला. शरद गेला, पुढचं वर्षही गेलं. ना बाई, ना पत्र. एका मोठ्या हॉटेलची मागणी आली तेव्हा त्यानं मनाची समजूत घातली आणि कड्याला सुरुंग लावले.

चारच महिन्यांनी ती आली. आईच्या आजारपणात अडकली होती. होउ नजर चुकवत म्हणाला, "पावसात दरड कोसळली, बाई." ती उरलेला खडक हातानं चाचपत फिरली, मग उलट त्याचंच सांत्वन करून निघून गेली.

ते खोटं बावीस वर्षं होउला सलत राहिलं. खाण बंद झाली, बायको गेली, तेव्हा कुठं तो बस धरून तिच्या घरी गेला आणि दारातच सगळं सांगून मोकळा झाला.

शांग मिननं त्याला बसवलं, चहा ओतला. "सुरुंगाची भोकं मला त्याच दिवशी दिसली होती, काका."

"मग बोलला नाहीत ते?"

"कुठल्या तोंडानं बोलणार? एक पत्र टाकायला मला काय झालं होतं? पण रागही होता. म्हणून पुन्हा फिरकले नाही. काकू कशा आहेत?"

"गेली, मागच्या हिवाळ्यात. बाई का येत नाहीत, म्हणून दर वसंतात विचारायची."

"तुम्ही काय सांगायचात?"

"सांगायचो, मोठी माणसं, विसरली असतील."

शांग मिननं मान खाली घातली. "तिलाही खरं सांगायचं राहिलं," होउ म्हणाला.