ड्रायव्हरचं वजन

जयवंतने वाळूची सातवी पिशवी ड्रायव्हरच्या सीटवर रचली आणि पट्टा ओढून सगळ्या पिशव्या घट्ट बांधल्या. गाडीच्या चारही चाकांखाली एकेक वजनकाटा होता. मागे सरून त्याने चारही आकडे वाचले, मान हलवली आणि आठवी पिशवी उचलायला वाकला. त्याबरोबर कंबरेने त्याला त्याचं वय सांगितलं.

"काका, द्या इकडे," म्हणत श्रुतिका पुढे आली.

"राहू दे गं. तुझ्या बापाच्या वेळेपासून मीच भरतोय."

घाटकोपरच्या त्या गाळ्यात शनिवारी दुपारी तशी शांतता असायची. शेजारचा प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना बंद होता आणि मधूनच मेट्रो गेल्याचा आवाज यायचा, तेवढाच. उद्या सकाळी ट्रक येणार होता आणि गाडी कोइमतूरच्या रेसिंग ट्रॅकवर जाणार होती. दोन सीटची लाल जपानी गाडी. सांताक्रूझच्या हँगरमध्ये विमानं दुरुस्त करता करता श्रुतिकाचा बाप मार्तंड आणि जयवंत या दोघांना हे वेड लागलं, आणि विमा कंपनीच्या लिलावातून त्यांनी ही चेपलेली गाडी उचलून आणली. लोकांनी तोंडावर हसून घेतलं. दोघांच्या बायकांनी तर तेवढेही कष्ट घेतले नाहीत, सरळ बोलणंच टाकलं.

काय दिवस होते ते! गाडी हलकी करायची म्हणून एसी काढला, गालिचे काढले, दारांच्या आतले पत्रे काढले. रेडिओ काढला तेव्हा मार्तंडने घरातलं माणूस गेल्यासारखं तोंड केलं होतं. ट्रॅकवर चालवायचा मार्तंड. जयवंत कठड्याशी कान देऊन उभा राहायचा आणि गाडी समोरून गेली की आवाजावरून सांगायचा, कुठला स्क्रू ओरडतोय. संध्याकाळी दोघं टायरवर बसून चहा प्यायचे आणि जगात आपल्याएवढं सुखी कोणी नाही, असं त्यांना वाटायचं. ते खरंही असेल.

ट्रॅकवर जाण्याआधी गाडीचं वजन चारही चाकांवर नीट वाटून घ्यावं लागतं, आणि तेही ड्रायव्हर आत बसला आहे असं धरून. बाकीच्यांकडे ड्रायव्हर स्वतः बसतो. पण एका जागी गप्प बसेल तर तो मार्तंड कसला! दारावरून कोणी गेलं की हा आतून हाक मारणार, अर्धं अंग बाहेर काढून गप्पा झोडणार, आणि इकडे काट्यांचे आकडे नाचणार. शेवटी जयवंतने सुगंधाकडून, म्हणजे आपल्या बायकोकडून, जुन्या जीनच्या पायांच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि त्यांत वाळू भरून एक गप्प बसणारा मार्तंड तयार केला. खरा मार्तंड वडे खाऊन खाऊन दर दिवाळीला वाढायचा, मग वाळूचाही वाढवावा लागायचा.

"तुझ्या पोटामुळे स्प्रिंग बदलायची पाळी आलीय," जयवंत म्हणायचा.

"बदल की. पोट तर बदलणार नाही," मार्तंडचं उत्तर ठरलेलं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मार्तंड गेला. गाडी त्याच्या मुलीकडे आली. ती बापाशेजारी बसूनच ट्रॅक शिकली होती आणि तिचा हात बापापेक्षा शांत होता. पण तो गेल्यापासून ती दोनदा कोइमतूरला गेली आणि दोन्ही वेळा सरळ पट्टा संपताना जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढत गेली. दुसऱ्या वेळी तर गरकन फिरून मातीत उतरली. श्रुतिकाने नवे ब्रेक पॅड घातले, ब्रेकचं तेल बदललं, टायर बदलले. एवढं करूनही तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला तो उडालाच. बोरिवलीचा नितेश कधीपासून गाडी विकत मागत होता. "या वेळीही तसंच झालं तर देऊन टाकते, काका," असं तिने आल्या आल्या सांगितलं होतं. तेव्हापासून जयवंत मनाशी एकच विचारत होता. गाडी गेली तर शनिवारी उठून जायचं कुठे?

त्याने आठवी पिशवी ठेवली. नववी, अर्धी भरलेली, पुढे ओढली.

श्रुतिका दाराशी हात टेकून उभी होती. एरवी हे काम जयवंत एकटाच, ती ऑफिसात असताना उरकायचा. आज ती पहिल्यांदाच बघत होती.

"एका पिशवीत किती किलो?"

"दहा."

तिने सीटवरच्या पिशव्या मोजल्या.

"काका, हे कोणाचं वजन?"

"ड्रायव्हरचं."

"ड्रायव्हर मी आहे ना."

जयवंतच्या हातातली पिशवी तशीच राहिली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मार्तंडची मेल्यावरही गेली नव्हती. ती जयवंतच्या हातात राहून गेली होती. वर्षभर त्याने ही गाडी त्या माणसासाठी लावली होती, जो आता तिच्यात बसणार नव्हता. त्याला हे आत्ताच कळलं म्हणावं, तर ते पूर्ण खरं नव्हतं. आधीपासून माहीत होतं म्हणावं, तर तेही नाही. पिशव्या मोजून ठेवताना त्याला बरं वाटायचं, एवढंच खरं होतं.

"मी असेन पंचावन्न," श्रुतिका हळू म्हणाली. "म्हणजे उजवी बाजू हलकी पडते. ब्रेक मारला की पुढचं उजवं चाक आधी अडकतं आणि गाडी..."

"डावीकडे ओढते." जयवंत खाली बसला. "तुझं काही चुकत नव्हतं गं पोरी. वाट मी लावली."

ती रागावेल असं त्याला वाटलं. तिने रागवावं असंही वाटलं. पण तिने वाकून पट्टा सोडला आणि पिशव्या एकेक करून भिंतीशी नेऊन ठेवल्या. आपटली एकही नाही. मग स्वतः आत बसली आणि दार लावून घेतलं.

"मी बसते. तुम्ही करा. अजिबात हलणार नाही."

जयवंत पाना घेऊन उजव्या पुढच्या चाकाशी आडवा झाला. स्प्रिंगखालच्या रिंगवर पिवळ्या रंगाची रेघ होती, रिंगवरून निघून खालच्या नळीवर उतरलेली. ही हँगरची शिस्त. एकदा बसवलेला भाग जागचा हलला तर रेघ तुटते आणि लगेच दिसते. ही रेघ मार्तंडच्या शेवटच्या खेपेला जयवंतने स्वतः ओढली होती आणि ती अजून अखंड होती.

"काका," वरून आवाज आला. "फिरवण्याआधी फोटो काढून ठेवायचा का? परत कधी तसंच लावायचं झालं तर?"

जयवंतने अंगठ्याने रेघेवरची धूळ पुसली.

"कोणासाठी?" त्याने विचारलं.

वरून नाक ओढल्याचा आवाज आला. त्याने पाना अडकवला आणि जोर लावला. रिंग करकरली आणि फिरली. रेघेचे दोन तुकडे झाले.

त्याने मान वळवून काट्याकडे पाहिलं. आकडा स्थिर होईना. वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. 'हलू नकोस गं,' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले.

पाना जमिनीवर ठेवून तो तसाच पडून राहिला आणि आकडा थांबायची वाट पाहू लागला.