हळदीला आलीस तर

दीक्षाने कॉम्प्युटरवर पलूस केंद्राच्या नावाने आत शिरून कुंडलच्या फोल्डरचे दार ढकलून पाहिले. ते उघडले नाही. परवानगी नसल्याची एक रुक्ष ओळ पडद्यावर उमटली आणि ती वाचून दीक्षाला इतके बरे वाटले की ती खुर्चीत मागे रेलली. मग तिने औंधचे दार ढकलून पाहिले. तेही बंद निघाले. सकाळपासून ती हेच करत होती. स्वतःच कुलपे बसवायची, मग चोर होऊन ती फोडायला बघायची आणि फुटली नाहीत की खूश व्हायचे.

लॅब सांगलीत होती आणि ती इंद्रजित डॉक्टरांची. पलूस, कुंडल आणि औंध इथे त्यांनी एकेक खोली भाड्याने घेतली होती. तिथे लोकांचे रक्त घेत, नळ्या एसटीने सांगलीला येत, तपासणी होई आणि रिपोर्ट फोनच्या तारेवरून परत त्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जाई. आधी हे काम फॅक्स करी. गेल्या वर्षी एका गावातल्या फोन-बूथवर असाच धोंडुबाईच्या रिपोर्टचा फॅक्स आला. बूथवाल्याने तो वाचला आणि तिथे टेकलेल्या चार जणांना वाचून दाखवला. संध्याकाळी नळावर धोंडुबाईची घागर बाजूला सारली गेली. धोंडुबाई माहेरी गेली ती परत आली नाही. पुढे तिचे काय झाले हे डॉक्टरांनी कधी सांगितले नाही, पण फॅक्सचे मशीन त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढून टाकले. रक्तातून पसरणाऱ्या त्या आजाराचे नाव तेव्हा लोक तोंडातल्या तोंडातही घेत नसत, 'तसलं' एवढेच म्हणत.

मग दीक्षाला या लॅबमध्ये नोकरी लागली. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तिने जुन्या मशीनवर लिनक्स ही संगणकप्रणाली चढवली. फुकटात काम झाले म्हणून डॉक्टर खूश होते आणि कुलपे आपल्या हाताने बसवता येतात म्हणून ती खूश होती. नेहमीच्या पद्धतीने फाइल पाठवली तर पासवर्डही तारेवरून उघडाच धावतो. म्हणून तिने ती पद्धत बंद केली आणि सगळे विस्कटून, ओळखू न येण्यासारखे करून पाठवणारी दुसरी बसवली. प्रत्येक केंद्राला आपले तेवढेच दिसावे, शेजारचे दिसू नये. फक्त एक खाते असे होते ज्याला कुठलेच दार बंद नव्हते. ते तिचे स्वतःचे होते; मशीन सांभाळणाऱ्यालाच मशीन मालक मानी.

"तुझ्या त्या मशिनीत समद्यांचं रगात लिवलेलं असतंय म्हणं," मागून आवाज आला.

बनामावशी कधी येऊन बाकावर बसली हे दीक्षाला कळलेच नव्हते. मावशीच्या मांडीवर भाजलेल्या शेंगांची पिशवी होती. एसटीने पलूसहून यायचे म्हणजे मावशीला रिकाम्या हाताने येणे जमत नसे. दीक्षाची आई लवकर गेली तेव्हा याच मावशीने तिला पदराखाली घेतले होते. दीक्षा दहावीपर्यंत तिच्याकडेच होती आणि मावशीची लेक साक्षी हिच्याबरोबर एकाच वाकळेत झोपली होती. पुढे साक्षीचे पोटाचे मोठे ऑपरेशन झाले, रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, तेव्हा दवाखान्यात उशाशी दीक्षाच बसली होती. त्याच साक्षीचे येत्या रविवारी लग्न होते.

"रक्त नाही मावशी, रिपोर्ट असतात."

"त्येच."

मावशीने पिशवीचे तोंड उगाच सोडले आणि पुन्हा बांधले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. नवरा मुलगा सिद्धू औंधचा, ट्रक चालवणारा, मुंबईपर्यंत जाणारा. मावशीने रीतसर चौकशी केली होती. औंधच्या वस्तीत दोन घरी बसून, तिसऱ्या घरी पाणी पिऊन, मुलगा दारू पीत नाही, बिडी ओढत नाही, आईला उलटून बोलत नाही, याची सगळी खात्री तिने करून घेतली होती. पण परवा चहावाल्या कृष्णातने तिला सांगितले होते, की तुमचा जावई पलूसच्या रक्त घ्यायच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता, मान खाली घालून. तेव्हापासून मावशीला घास गिळत नव्हता.

"बाकी समदं शेजाऱ्याला इचारता येतंय," ती म्हणाली. "ह्ये कुणाला इचारू? ह्ये तुलाच ठावं."

रिपोर्ट ज्याचा त्यालाच कळतो, डॉक्टर स्वतः दर गुरुवारी पलूसला जाऊन समोर बसवून सांगतात, मला बघता येत नाही, असे दीक्षाने समजावून सांगितले. मावशीने ते शांतपणे ऐकून घेतले.

"बघता येत न्हाई का बघायचं न्हाई?"

मावशीशी दीक्षा आजवर खोटे बोललेली नव्हती आणि आताही तिला ते जमेना. मावशीला जे समजायचे ते समजले. ती उठली, शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली आणि दीक्षाच्या डोक्यावर हात फिरवला.

"तुझी नोकरी जायला नगं. तू काय बोलूच नगं. शनवारी दुपारी हळद हाय. हळदीला आलीस तर मी समजीन, समदं ठीक हाय. न्हाई आलीस तर मांडव उतरवते. कारण कुणाला सांगायची न्हाई मी."

"मावशी, असं नको गं. मी मुळात बघणारच नाही."

"बरं," मावशी म्हणाली आणि निघून गेली.

मावशीची ही रीतच होती. सोयरीक नको असली की ती नाही म्हणत नसे. बैठकीला जाणे टाळी आणि पलीकडच्यांना कळे. साऱ्या नात्यात असेच चाले, कुणी आले की होकार आणि आले नाही की नकार. तोंडाने बोलून कुणाचा अपमान करायची वेळच येत नसे. दीक्षाही याच घरात वाढली होती, तेव्हा मावशीने आपल्याला केवढ्या अडचणीत टाकले आहे हे तिला लगेच उमगले. न जावे तर ज्याने कदाचित काही केलेलेही नाही अशा मुलाचे लग्न मोडणार, आणि ते का मोडले याचा तर्क कृष्णातच्या चहाच्या टपरीवर दोन दिवसांत होणार. जावे तर आपण न वाचलेल्या रिपोर्टवर सही केल्यासारखे होणार, आणि त्या सहीवर साक्षी आयुष्य काढणार.

तिने पलूसला मावशीच्या घराशेजारच्या दुकानात फोन लावून तिला बोलावून घेतले. मी काही बघितलेले नाही, बघणारही नाही, माझ्या येण्याला काही अर्थ लावू नकोस, असे ती सांगू लागली. मावशीने मध्येच तोडले. फोनवर असले काही बोलू नको, दुकानात माणसे आहेत, एवढे म्हणून तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर गेले होते. दीक्षा मशीनसमोर बसली. मालकाच्या खात्यातून शोधायची आज्ञा एका ओळीची होती. तिने ती टाइप केली. पुढे सिद्धूचे नाव, मग त्याचे आडनाव. एक कळ दाबायची राहिली. साक्षीसाठी बघते आहे, तिने स्वतःला सांगितले, आणि ते खरेही होते. मग तिच्या मनात आले, त्या बूथवाल्यालाही काहीतरी खरेच वाटले असेल. गावाच्या भल्यासाठी वाचतो आहे, असे काही. तिने ती ओळ एकेक अक्षर मागे घेत पुसली. तिला रडू आले आणि ते तिने आवरले नाही. आज पुसली, उद्या पुसेनच असा तिला स्वतःचाच भरवसा उरला नव्हता.

डॉक्टर आल्यावर तिने सांगितले, की रिपोर्ट मशीनवर ठेवतानाच आणखी एका कुलपात घालायचे. त्याची किल्ली म्हणजे एक वाक्य. ते डॉक्टरांनी मनात ठरवायचे आणि स्वतः टाइप करायचे. ती तेव्हा खोलीबाहेर जाईल. आधीचे सगळे रिपोर्टही त्यातच जातील.

"म्हणजे तुलाही उघडता येणार नाही?"

"नाही."

"अगं, पण तुझ्यावर विश्वास आहे माझा."

"असू दे सर. तरी पण."

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. धोंडुबाईनंतर ते फारसे प्रश्न विचारत नसत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दीक्षा बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. आतून कळांचा आवाज येत राहिला. बरेच लांबलचक वाक्य असावे. तिचे काम चोख झाले होते, पण शनिवारी जायचे की नाही हे ठरायचेच होते.

शनिवारी ती एसटीत बसली. जायचे तिने रात्रीच ठरवले होते, पण मावशीला उत्तर द्यायला नाही. साक्षीला गाठून स्पष्ट सांगायचे, की तुझ्या आईला अशी भीती आहे, मला काही ठाऊक नाही, तू आजच्या आज सिद्धूला स्वतः विचार. हळद लागली तरी उद्यापर्यंत वेळ होता. वाटेत तिने ही वाक्ये मनात इतक्या वेळा घोळवली की पलूस कधी आले ते कळले नाही.

दारात मांडव घातला होता. आत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या आणि अंगणात बायका जमल्या होत्या. मावशी तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली, दीक्षाला पाहिले आणि सूप हातातून खाली ठेवले. मग ती तिथेच पोत्याला टेकून बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. लेकीच्या लग्नात आई रडायचीच, म्हणून कुणी तिकडे लक्ष दिले नाही.

दीक्षा तिच्याजवळ वाकली. "मावशी, मी बघितलं नाही. खरंच बघितलं नाही."

"व्हय गं, व्हय." मावशीने तिच्या गालावरून हात फिरवला. तिचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा मोकळा झाला होता. "मी कुठं काय इचारलं?"

साक्षी आतल्या खोलीत पिवळ्या साडीत पाटावर बसली होती. साडीची पिन नीट लावायची आहे असे सांगून दीक्षाने तिथल्या पोरींना बाहेर घालवले आणि दार लोटून घेतले. मग एसटीत घोकलेले सगळे तिने एका दमात बोलून टाकले. मावशीची भीती, कृष्णातने पाहिलेले, बाकावर मान खाली घालून बसलेला सिद्धू. साक्षी ऐकत राहिली. तिला ना राग आला ना धक्का बसला.

"त्यानं न्हाई दिलं रगात, ताई," ती म्हणाली. "मी दिलं. मी आत हुते. त्यो नुसता संगट आल्ता."

दीक्षा पाटाशेजारी खाली बसली.

"ऑपरेशनाला बाटल्या चढवल्या हुत्या न्हवं मला? रेडिओवर सांगत हुते, तसल्या रगतातनं बी हुतंय म्हणून. माझ्या डोक्यातनं जाईना. घरी कुणाला बोलू? त्यालाच सांगितलं. म्हटलं, आदी बघूया, मग लगीन."

म्हणजे दीक्षाचा हात ज्या नावापाशी थांबला होता, ते नाव त्या मशीनमध्ये नव्हतेच. ती कळ तिने दाबली असती तर काहीच सापडले नसते. ती निर्धास्त झाली असती आणि हसतमुखाने हळदीला आली असती. पण पलूसच्या फोल्डरात, थोड्याच अंतरावर, साक्षीचा रिपोर्ट होता.

"गुरवारी डाक्टरांनी दोघांस्नी समोर बशिवलं," साक्षी म्हणाली. "लय येळ समजावून सांगत हुते. त्यानं समदं इचारून घेतलं. माझ्यापरीस त्यानंच जास्त इचारलं. भाईर आल्यावर म्हनला, तारीख बदलायची न्हाई."

एवढे बोलून ती थांबली आणि दीक्षाच्या तोंडाकडे बघू लागली. रिपोर्टात काय निघाले, हा प्रश्न दीक्षाच्या ओठांवर आला होता. उघड्या दारासारखा समोरच होता, आणि आता तर विचारायला कुणाची परवानगीही लागणार नव्हती. साक्षी वाट बघत होती, पण ती विचारण्याची की न विचारण्याची, हे दीक्षाला कळेना. लहानपणी वाकळेत शेजारी झोपलेल्या या पोरीचे मन तिला कधी वाचावे लागले नव्हते.

दीक्षाने विचारले नाही. तिने कोपऱ्यातली हळदीची वाटी ओढून घेतली.

"आईला सांगू नगंस," साक्षी म्हणाली. "ती तू आलीस म्हणून खूश हाय."

"हात दे," दीक्षा म्हणाली.

साक्षीने हात पुढे केला. दीक्षाने आधी तिच्या कपाळाला आणि गालांना हळद लावली. मग हात उलटा करून कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे सुई टोचतात तिथे लावली आणि तिथेच तिचा अंगठा थोडा वेळ राहिला. बाहेर बायकांनी गाणे सुरू केले होते. बनामावशीला सूर कधीच लागत नसे, पण आज ती सगळ्यांच्या वरच्या आवाजात गात होती.