फुगली का?

सुयोगने ओसरीवरचा फवारणीचा पंप तान्हं बाळ उचलावं तसा दोन्ही हातांनी उचलला आणि अंगणाच्या पार टोकाला, आंब्याखाली नेऊन ठेवला. मग रेतीची बादली जवळ ओढली. पुण्याहून रातोरात निघून पहिल्या एसटीने धसईला उतरलेला माणूस, अजून घोटभर पाणीसुद्धा प्यायला नव्हता.

रुचिता उंबऱ्यातून बघत होती. दादाचं लक्षण तिला काही ठीक दिसेना.

"रेती कशाला रे?"

"तू लांब हो."

"म्हंजे पेटंल ती बॅटरी?"

हाच दादा महिन्यापूर्वी त्याच्या प्रयोगशाळेतली बॅटरी पंपाला जोडून गेला होता. नव्या लिथियमची, हलकी, दुप्पट टिकणारी. आतल्या धातूला काटे फुटून आग लागते, ती भानगड आमी मिटवलीय, म्हणाला होता. मिटवलीय, तर फोनवर आईला दबक्या आवाजात 'फुगली का?' असं काय विचारायचा? आणि पंप दिवसभर असायचा बाबांच्या पाठीवर.

"तुझ्या साहेबाच्या पाठीला का नाय बांधलीस?" ती म्हणाली. "आपला बाबाच गावला?"

"गप गो," ओसरीवरून तिचा बाबा धर्मा म्हणाला. पण त्याचाही हात नकळत पाठीकडे गेला.

सुयोगने झाकण उघडलं. चपट्या पाकिटासारख्या बॅटरीवर पोलादी पट्टी आडवी ठेवली. पट्टी जराही डुगडुगेना. त्याने डोळे चोळले, पुन्हा ठेवली.

"आये, काल फोनवर काय सांगितलंस मला?"

कमळ पिठाच्या हातांनी दारात आली. "फुगली म्हणून."

"टम्म फुगली म्हणालीस. फुगली की पेटायची भीती. ही तर सपाट हाय."

कमळ बोटांचं पीठ काढत राहिली.

"दर येळी इचारतोस, फुगली का, फुगली का. मी आपली रोज हात फिरवून बघते, तर पापडासारखी. 'आजून नाय' म्हटलं की तू 'बरं बरं' म्हणायचास. वाटलं, मन मारून म्हणतोय पोरगा. किती दिवस नाय नाय सांगू?" तिने चुलीकडे मान वळवली. "भाकर फुगली म्हंजेच साधली ना रे?"

धर्मा आधी हसला. मग सुयोग रेतीच्या बादलीला टेकून खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला.

रुचिता हसली नाही.

"म्हंजे आता परत बाबाच्याच पाठीवर?"

सुयोगचं हसू हळूहळू ओसरलं. त्याने पट्टी पुसून खिशात घातली.

"रातभर गाडीत बसून होतो," तो म्हणाला. "बॅटरी बरी हाय, आयच चुकली असंल, असं एकदापण मनात नाय आलं."

मग त्याने पंप स्वतःच्या पाठीवर घेतला.

"पट्टे आवळ गो."

तिने आवळले. तो बांधाकडे निघाला, तशी तिने रेतीची बादली उचलली आणि त्याच्या मागोमाग चालू लागली.