डॉक्टरांचा अंगठा

सांध्यांचे डॉक्टर मोठे हुशार, पण त्यांच्या खोलीतून बाहेर पडलेला पेशंट थेट नर्सला गाठायचा आणि विचारायचा, "सिस्टर, मला झालंय तरी काय?" म्हणून नर्सांनी त्यांचं नाव शब्दकोश ठेवलं होतं. अर्थात त्यांच्या माघारी.

अशा माणसाला रुग्णालयाने 'गाऊट: सोप्या भाषेत' या विषयावर लोकांसमोर उभं करायचं ठरवलं. आणि नेमक्या त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांच्या उजव्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन टम्म फुगला. गाऊटच तो, आणि ही काही पहिली खेप नव्हती. याआधी "बूट चावला" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती.

"या वेळीही बूटच का?" बायकोने विचारलं. आदल्या संध्याकाळी सहकाऱ्याच्या निरोपाच्या पार्टीत बिअर आणि कलेजीवर कोणी आडवा हात मारला, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बूटच."

"काल तुम्ही कलेजी चावलीत, आज ती तुम्हाला चावतेय. अहो, सांगून टाका की लोकांना."

"आणि अब्रू?"

अडचण खरी होती. येईल त्या गाऊटवाल्याला ते आजवर एकच ऐकवत आले होते: जिभेवर ताबा ठेवा. आता आपलीच जीभ पायात उतरली, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

शेवटी एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घालून ते सभागृहात पोचले. चहा-बिस्किटांच्या आशेने गर्दी बरी जमली होती. डॉक्टर पहिल्या रांगेपुढे उभे राहिले आणि सुरू झाले, "चयापचयातील बिघाडामुळे संधिपोकळीत स्फटिकांचं निक्षेपण होऊन..."

निक्षेपणापर्यंत पोचेतो पहिल्या रांगेतला धिप्पाड ट्रकचालक घोरायला लागला होता. झोपेत त्याने पाय ताणले आणि त्याच्या बुटाची टाच बरोब्बर त्या अंगठ्यावर पडली.

"मेलो!" डॉक्टर किंचाळले. "विस्तव आहे हो तिथे, विस्तव! साधी चादर लागली तरी जीव जातो!"

सभागृह खडबडून जागं झालं. ट्रकचालक डोळे चोळत म्हणाला, "हे तर माझंच दुखणं. डॉक्टर, तुम्हालाही?"

खोटं बोलायलासुद्धा अंगात थोडा दम लागतो. तो उरला नव्हता. "मलाही," म्हणत डॉक्टर खुर्चीवर बसले, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकला आणि कण्हत कण्हत सांगू लागले. "रक्तात युरिक अ‍ॅसिड नावाचा कचरा असतो. मूत्रपिंडं तो लघवीतून बाहेर टाकतात. त्यांना तो निपटेनासा झाला की साचतो, आणि त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात जाऊन बसतात. मग एक दिवस हे असं."

"म्हणजे खाण्यापिण्यानेच ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"दारू आणि मटण आगीत तेल ओततात. पण मूळ बऱ्याचदा घराण्यातच असतं. माझे वडील काडीसारखे, थेंबालाही न शिवणारे. त्यांनाही होता."

यावर कोपऱ्यातून शिवणकाम करणारी एक किडकिडीत बाई उठली. "मग मला का विचारलंत, चोरून पिता का म्हणून? सासूबाईंसमोर! त्या दिवसापासून सासूबाई माझी कपाटं हुंगतायत, आणि मी दवाखान्याची पायरी चढले नाही. गोळ्याही बंद. पाय मशीनच्या पायट्यावर ठेववत नाही."

"त्याचं असं आहे," डॉक्टर चाचरले, "कारणमीमांसेच्या दृष्टीने..."

"सोप्या भाषेत!" ट्रकचालक गरजला.

डॉक्टरांनी घाम पुसला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "बाई, तुम्ही उद्या या. सासूबाईंनाही आणा."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. सासूबाईंपुढे सगळा खुलासा झाला आणि बाईच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. "दुखणं थांबलं तरी गोळी रोज घ्यायची," डॉक्टरांनी बजावलं. "खडे लगेच विरघळत नाहीत." स्वतःचं रक्तही तपासून त्यांनी तीच गोळी चालू केली. इकडे रुग्णालयाने खूश होऊन दर महिन्याला त्यांचं व्याख्यान ठेवलं. फक्त अंगठा तसाच सुजलेला असावा, अशी व्यवस्थापकांची नम्र सूचना होती.

काही आठवड्यांनी बाई तपासणीला आली. पाय आता पायट्यावर तासन् तास चालत होता.

"आणि तुमचा?" तिने विचारलं.

"उत्तम. दुखत नाही म्हणून मी गोळी..." डॉक्टर मध्येच थांबले.

"बंद केलीत?"

डॉक्टर उगाच टेबलावरचं पेन शोधू लागले.

"लिहा," बाई पिशवी सरसावत म्हणाली. "मी खाली औषधाच्या दुकानात चाललेच आहे. दोघांच्याही आणते."

डॉक्टरांनी मुकाट्याने लिहिलं, आणि जन्मात पहिल्यांदाच वाचता येईल अशा अक्षरात.